रिप्सॅलिसला वाळवंटातला कॅक्टस समजू नका
रिप्सॅलिस कॅक्टसच्या कुळातलं आहे म्हणून कडक उन्हात ठेवून महिनाभर पाणी नाही दिलं, असं करू नका हो, हे ब्राझीलच्या वर्षावनात झाडाच्या फांद्यांवर वाढणारं झाड आहे, तिथे पानांतून गाळून येणारा उजेड मिळतो आणि हवा दमट असते. खिडकीजवळ ठेवा पण दुपारचं ऊन नको, देठं लालसर पडली की समजा ऊन जास्त होतंय. माती मात्र भुसभुशीतच हवी, ऑर्किड लावायला वापरतात ती झाडाच्या सालीची भरड आणि परलाईट (हलके पांढरे दाणे) भरपूर घाला, कुंडी छोटीच घ्या. वरची माती सुकली की भरपूर पाणी द्या, खाली साचू देऊ नका, मुळं कुजली की वाचवणं अवघड. तरी एखादं निरोगी देठ कापून २-३ दिवस सुकवून लावा, सहज रुजतं.