टाकलं आणि नंतर लागलं तर?

पसाऱ्याचा विषय निघाला की माझ्यासमोर बसलेलं माणूस हे वाक्य बोलतंच. टाकलं आणि नंतर लागलं तर? सांगलीत तर जरा जास्तच ऐकायला मिळतं आणि त्याला तसं कारणही आहे. एका काकूंची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काकू गावभागात राहतात, पन्नाशी ओलांडलेली, मिस्टरांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आणि तिथला हिशेब काकूच बघतात. आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. बराच वेळ बीपी, गुडघे असंच बोलणं चाललं आणि मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, घरात पाय ठेवायला जागा नाही ओ. पाहुणे येतो म्हटलं की मला घाम फुटतो, सुनेशी रोज वाजतं, पण टाकायला गेलं की हातच पुढं जात नाही." त्या माहेरी गेल्या होत्या तेव्हा मुलानं एक टेम्पो भरून सामान भंगारात घातलेलं. त्याला वाटलं आईला बरं वाटेल. काकू दोन दिवस नीट जेवल्या नाहीत आणि त्यानंतर दुधाच्या रिकाम्या पिशव्यासुद्धा धुवून कुलपात ठेवायला लागल्या. घरच्यांना मी हात जोडून सांगते, माणसाच्या मागं त्याचं सामान टाकू नका, पसारा कमी होत नाही, विश्वास कमी होतो.

हे कधीपासून, विचारलं. "2019 पासून." त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, तिथली धोक्याची पातळी 45 फूट. 2005 ला पाणी जिथवर आलेलं तेवढंच येईल असा अंदाज बांधून काकूंनी सगळं माळ्यावर चढवलं होतं, यावेळी माळाच बुडाला. लग्नाचे फोटो, शालू, मुलाची बाळंतविडा ठेवलेली पेटी, सगळ्याचा चिखल. आणि पंचनाम्याला माणसं आली तेव्हा रेशनकार्ड कुठाय, पासबुक कुठाय, काकूंकडं दाखवायला एक कागद नव्हता. हे सांगताना त्या रडल्या. मला त्या दिवशी कळलं की घरात साठलेल्या लाईट बिलांच्या गठ्ठ्यांचा आणि आळसाचा काही संबंध नाही, ती भीती आहे, एकदा रिकाम्या हातानं उभं राहिलेल्या बाईची.

पसारा नुसता डोळ्याला खुपतो असं नाही. 2010 मध्ये लॉस एंजेलिसच्या सॅक्सबी आणि रेपेटी या दोन संशोधकांचा अभ्यास आला, दोघंही नोकरी करणाऱ्या जोडप्यांचा. ज्या बायका आपल्या घराबद्दल बोलताना पसारा, अर्धवट राहिलेली कामं असंच सांगत होत्या त्यांच्यात कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन दिवसभरात जसं उतरायला पाहिजे तसं उतरत नव्हतं, मनही खट्टू राहायचं. घरी येऊनसुद्धा घरी आल्यासारखं वाटत नाही असं काकू म्हणायच्या ते हेच. पण काकूंना मी अभ्यास नाही सांगितला, त्याचा उपयोग नव्हता.

सुरुवात दुकानातल्या टेबलापासून केली कारण तिथं आठवणी कमी. सीएंना विचारून घेतलं, जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने ठेवायचे, इन्कम टॅक्सचं त्यांनी वेगळं सांगितलं, त्याहून जुनं फाडून रद्दीत. नियम कागदावर लिहिलेला असला की मनाला रोज नव्यानं ठरवावं लागत नाही. एका ड्रॉवरला वीस मिनिटं, मोबाईलवर गजर, वाजला की थांबायचं, जमत असलं तरी थांबायचं. आठवड्यानं आल्या त्या हसतच, एका व्यापाऱ्याची अडकलेली पट्टी, म्हणजे मालाच्या हिशेबाची चिठ्ठी, सापडली होती आणि बिलं शोधण्यात जाणारी रोजची सकाळ मोकळी झाली होती.

मग घर. आधी एक जाड प्लास्टिकची फाईल, त्यात रेशनकार्ड, आधार, पासबुक, घराचे कागद, आणि मुलाकडून सगळ्याचे फोटो काढून मोबाईलवर पण. ही फाईल भरल्याशिवाय घरातला एकही कागद टाकायचा नाही असं मीच सांगितलं होतं. फाईल तयार झाली आणि बिलांचे गठ्ठे काकूंनी आपणहून बाहेर काढले. साड्या बोहारणीला, डबे शेजारी, आणि जे ठरतच नाही त्याला एक खोका, वर तारीख, तीन महिने बघायचं पण नाही. सुनेला मी एवढंच सांगितलं की शेजारी बस, पण हे कशाला ठेवलंय असं विचारू नको. एका पोत्याच्या तळाशी काकूंच्या आईचा पितळी तांब्या निघाला, पुरातनं वाचलेली ती एकच वस्तू आणि तीच पसाऱ्याखाली गाडली गेली होती. आता तो देवघराशेजारी आहे.

सगळ्यांचं असं सहा महिन्यांत होत नाही. झोपायची खाट, स्वयंपाकाचा ओटासुद्धा वापरता येत नसेल आणि टाकायच्या विचारानंच जीव कासावीस होत असेल तर तो होर्डिंग डिसऑर्डर, म्हणजे वस्तू साठवत राहण्याचा आजार असू शकतो, 2013 पासून डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत त्याची वेगळा आजार म्हणून नोंद आहे, तिथं मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, लाजू नका.

पावसाळ्यात पाणी वाढायला लागल्याच्या बातम्या आल्या तशी मीच काळजीनं फोन केला. पूर्वी दोन दोन दिवस सामान वर चढवण्यात जायचे. "तासाभरात झालं मॅडम, फाईल, औषधं, शेगडी, कपड्यांच्या दोन बॅगा आणि तांब्या. रात्री झोपले पण." आणि तो खोका? "तो पण नेला की वर. दिवाळीत बघते."