लॅटिनच्या पायावर अरबीचा थर: नवी भाषा रचताना

प्रश्न असा आहे: ट्युनिशियात टिकून राहिलेली, लॅटिनमधून उतरलेली आणि अरबीच्या सहवासात वाढलेली भाषा रचायची आहे. पण दोन्हीकडचे शब्द निम्मे निम्मे घेतले की नुसती खिचडी होते. मग सुरुवात कुठून करायची?

आधी निम्मे-निम्मे सोडा. पाया एकाच भाषेचा असतो. माल्टीजचा (माल्टा बेटाची भाषा) पाया अरबी आणि वरचा थर सिसिलियन-इटालियन; स्पॅनिशचा पाया लॅटिन आणि अरबी बहुतांशी शब्दसंग्रहात. तुमचा पाया लॅटिन आहे आणि जागाही उत्तम आहे. ट्युनिशियातल्या गाफसा शहराचे बहुतेक लोक आफ्रिकी लॅटिन बोलतात, असे अरब भूगोलकार अल-इद्रिसीने 12व्या शतकात नोंदवले आहे.

ध्वनींसाठी दोन पक्के धागे मिळतात. आफ्रिकी कानांना ऱ्हस्व-दीर्घ स्वरांतला फरक कळत नाही, असे उत्तर आफ्रिकेतला रोमनकालीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिन लिहितो. म्हणून लांबी टाकून पाच स्वर ठेवा. आणि बर्बरमधला (उत्तर आफ्रिकेतली स्थानिक भाषा) हरभऱ्याचा शब्द 'इकिकेर' लॅटिन 'किकेर'वरून आलेला असल्याने, ए-इपूर्वीचा क शाबूत ठेवा. शंभर म्हणजे 'केन्तु', इटालियनसारखे 'चेन्तो' नव्हे. नामे द्वितीयेच्या रूपातून घ्या आणि शेवटचा म गाळा.

इथे बहुतेक जण घसरतात: अरबीत प नाही म्हणून सगळ्या प चे ब करून टाकतात. तसे होत नाही. स्पेनमधल्या हिस्पालिस या शहराच्या लॅटिन नावाचे 'इश्बिलिया' झाले ते अरबांच्या तोंडी, आणि त्यातून आजचे 'सेविया' आले. स्पॅनिशने स्वतःचे 'पान' आणि 'पाद्रे' प नेच ठेवले. म्हणून ब फक्त अरबीतून फिरून आलेल्या शब्दांना द्या. जर्दाळूचा मूळ लॅटिन शब्द ग्रीकमार्गे अरबीत 'बर्कूक' झाला आणि स्पॅनिशमध्ये 'आल्बारिकोके' बनून परतला, हा त्याचा सुंदर नमुना.

उपपदाचा, म्हणजे अरबीत नामाआधी लागणाऱ्या 'अल'चा (इंग्रजी 'द'सारखा), निर्णय सुरुवातीलाच घ्या. स्पॅनिशने साखर 'आसूकार' आणि कापूस 'आल्गोदोन' असा 'अल'सकट उचलला. इटालियनमध्ये मात्र 'त्सुक्केरो' आणि 'कोतोने'. चिकटवायचे ठरवलेत तर 'अल'मधला ल पुढच्या स, झ, द, र यांसारख्या व्यंजनात विरघळतो. 'अल-झैत' न होता 'अझ-झैत' होते, तेच स्पॅनिशमधले तेल, 'आसेइते'. सरसकट 'अल' लावलेली यादी लगेच खोटी वाटते.

उसने शब्द क्षेत्रानुसार घ्या: पाटपाणी, बाजार, जकात, न्यायदान, बांधकाम. स्पॅनिशमधले 'आसेकिया' (पाट), 'नोरिया' (रहाट), 'आदुआना' (जकातनाका) हे सगळे तिथलेच. आकडे, नाती आणि शरीराचे अवयव लॅटिनच राहू द्या. एखादे अव्यय मात्र जरूर घ्या. स्पॅनिश 'आस्ता' (पर्यंत) अरबी 'हत्ता'वरून आले आहे.

अरबीत तीन व्यंजनांच्या धातूत स्वरांचे वेगवेगळे साचे भरून शब्द बनतात; त्याचा मोह आवरा. मराठीत हुकूम, हकीम, हुकमत हे एकाच अरबी धातूचे तीन शब्द आहेत, पण त्या साच्यात आपण मराठी शब्द ओतत नाही. शब्द तयारच येतात, कधी कधी अनेकवचनातच. 'उमराव' हे मुळात अमीरचे अनेकवचन, पण मराठीत एकाच सरदारालाही उमराव म्हणतात. असे चार-पाच शब्द तुमच्याकडे असले की भाषा खरी वाटू लागते. साचे जिवंत हवेतच असतील तर पाया अरबी करा. माल्टीजमध्ये इटालियन 'कामेरा'वरून आलेल्या 'कामरा'चे अनेकवचन 'क्मामार' होते, आणि 'पिंजा' (रंगवणे) हे इटालियन क्रियापद 'बेदा' (सुरू करणे) या अरबी क्रियापदासारखे चालते: 'ब्देयत' तसे 'पिंजेयत'.

ध्वनिबदलांचे नियम क्रमांक घालून तक्त्यात लिहा आणि प्रत्येक उसन्या शब्दापुढे त्याचे शतक नोंदवा. शब्द ज्या शतकात आला, त्यानंतरचेच नियम त्याला लागू. समजा, दोन स्वरांमधला त 10व्या शतकात द होतो. मग 9व्या शतकातल्या शब्दात द दिसेल, 12व्यातल्यात त राहील. हा स्तंभ नसेल तर सगळे अरबी शब्द एकाच दिवशी आल्यासारखे दिसतात. शंभर शब्द चालवून बघा. एखाद्या नियमाचा क्रम बदललात तर शंभरही पुन्हा पहिल्यापासून चालवा, हाताने दुरुस्त्या करू नका.

अरबी लिपी वापरणार असाल तर मोरिस्कोंची (स्पेनमधले, ख्रिस्ती व्हावे लागलेले मुसलमान) पद्धत घ्या. अरबी लिपीत स्पॅनिश लिहिताना ते प साठी 'बा'वर द्वित्वाची खूण देत आणि ए साठी जबर (अ ची खूण) देऊन पुढे अलिफ हे अक्षर लिहीत.