लेकीचं अमेरिकेतलं बाळंतपण, डिंकाचे लाडू आणि लघवीची ड्रग टेस्ट

प्रश्न : ताई नमस्कार, मी जुळे सोलापुरात राहते. लेक-जावई अमेरिकेत असतात, लेकीला आठवा लागलाय, पहिलटकरीण आहे, मी पुढच्या महिन्यात बाळंतपणाला चाललेय. मधल्या मारुतीवरून डिंक, खारीक, खोबरं, खसखस सगळं आणून ठेवलंय, लाडू इथूनच करून न्यायचेत. तर परवा लेक फोनवर म्हणाली, आई खसखस घालू नको, इथं डिलिव्हरीच्या वेळी लघवीची ड्रग टेस्ट करतात आणि काही निघालं तर घरी सरकारी माणसं चौकशीला येतात. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. आमच्या घरात सुपारीचं खांड कुणी खात नाही ओ! न विचारता अशी टेस्ट करता येते का? आणि खसखशीचं खरं आहे का, सांगा की.

उत्तर : ताई, लेक बरोबर बोलतेय, खसखस काढाच. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, बियांत नशा नसते पण बोंडाचा चीक बियांना बाहेरून लागलेला असतो आणि त्यात मॉर्फिन, कोडीन ही अफूतली नशेची द्रव्यं असतात. धुतली, भाजली की कमी होतं, पूर्ण जात नाही. लाडू खाल्ल्यावर एक-दोन दिवस ते लघवीत सापडू शकतं. अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी जी टेस्ट होते तिची मर्यादा आधी एक मिलिलिटर लघवीत 300 नॅनोग्रॅम होती, ती 1998 मध्ये 2000 केली, आणि त्यामागं खसखशीचं खाणं हे मोठं कारण होतं. पण हॉस्पिटलांना तो आकडा बंधनकारक नाही, बरीच 300 वरच थांबलेली आहेत. 2023 मध्ये तर तिथल्या लष्करानं सैनिकांना खसखस खाऊ नका असं कळवलं. म्हणजे नोकरदाराला सवलत आणि बाळंतिणीला नाही, मला हे अजिबात पटत नाही.

आता कायद्याचं. साऊथ कॅरोलिनात चार्ल्सटनच्या सरकारी हॉस्पिटलनं 1989 मध्ये पोलिसांशी बोलून ठरवलं होतं की गरोदर बायकांची लघवी कोकेनसाठी तपासायची आणि रिपोर्ट पोलिसांकडं द्यायचा. बायका तपासणीला म्हणून आल्या आणि बेड्या घालून नेल्या गेल्या, आणि पकडलेल्या जवळपास सगळ्या काळ्या होत्या. त्यातल्या काही जणी कोर्टात गेल्या, शेवटी 2001 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 6 विरुद्ध 3 असा निकाल दिला की पोलिसांच्या कामासाठी बाईच्या संमतीशिवाय अशी टेस्ट करणं म्हणजे बेकायदा झडती. फर्ग्युसन केस म्हणतात तिला.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. तो निकाल सरकारी हॉस्पिटल आणि पोलीस यांच्यापुरता आहे, उपचारासाठी केलेली टेस्ट त्यात येत नाही, खासगी हॉस्पिटलांना तर तो थेट लागूच होत नाही. शिवाय 2003 पासून केंद्राच्या कायद्यात आहे की ड्रग्जचा परिणाम झालेलं बाळ जन्मलं तर बालसंरक्षण खात्याला कळवायची व्यवस्था राज्यांनी करायची. टेस्ट कराच असं तो कायदा कुठंही म्हणत नाही, आईवर खटला भरा असंही नाही, पण प्रत्येक राज्यानं आपापल्या परीनं नियम केले आणि गोंधळ झाला. टेनेसीनं 2014 मध्ये आईला थेट गुन्हेगार ठरवणारा कायदा आणला, तो 2016 मध्ये संपला. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंच म्हणणं आहे की सगळ्याच गरोदर बायकांना तोंडी प्रश्न विचारा आणि लघवीची टेस्ट करायची तर तिची परवानगी घ्या.

म्हणून लेकीला सांगा, पुढच्या व्हिजिटलाच डॉक्टरला विचारून घे की तुमच्याकडं ड्रग टेस्ट सरसकट करता की कारण असेल तरच, वेगळी सही घेता का, आणि पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली तर कुणाला कळवायच्या आधी पक्की टेस्ट करता का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा! कपात लघवी घेऊन होते ती पहिली टेस्ट नुसता अंदाज देते, गरोदरपणात बीपीसाठी देतात ती लॅबेटालॉलची गोळीसुद्धा त्यात भलतंच दाखवू शकते. बरोबर काय ते मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या, म्हणजे लॅबमध्ये नेमकं द्रव्य ओळखणाऱ्या टेस्टमध्येच कळतं. कळा सुरू झाल्यावर कोण कागद वाचणार, तेव्हा अॅडमिशनचा फॉर्म आधीच मागून घरी वाचायचा, बऱ्याचदा टेस्टची संमती त्यातच एका ओळीत बसवलेली असते. टेस्टला नाही म्हणता येतं, पण काही ठिकाणी मग बाळाची पहिली काळी शी किंवा नाळ तपासायला पाठवतात, तेही विचारून ठेवा. एपिड्युरलमध्ये, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात त्या इंजेक्शनमध्ये, बऱ्याचदा फेंटानिल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक असतं, त्यामुळं लघवी त्याच्या आधी घेतली की नंतर याची नोंद रेकॉर्डमध्ये हवी. आणि तरीही कुणी चौकशीला आलंच तर घाबरून कशावरही सही करायची नाही, आधी वकिलाशी बोलायचं.

लाडू न्या ताई, डिंक, खारीक, खोबरं, मेथी, गूळ घालून. शेंगाचटणी आणि कडक भाकरी पण न्या, लेकीला बरं वाटेल. वाटेत दुबईला उतरणार असाल तर बॅगेत खसखशीची पुडी चुकूनही नको, तिथं तिच्यावर बंदीच आहे.

प्रश्न : मी बिड्या वळते, पाचवा महिना आहे, मिश्रीची सवय आहे. सिव्हिलला लघवी तपासतात त्यात मिश्री कळते का? पोलीस केस होते का?

उत्तर : नाही गं बाई, अजिबात नाही. ती लघवी प्रोटीन, साखर आणि इन्फेक्शनसाठी तपासतात. तंबाखू एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात येतच नाही, आणि बाळंतपणात ड्रग टेस्ट करावी असा कायदा आपल्याकडं नाही. एचआयव्हीची टेस्टसुद्धा 2017 च्या कायद्यानं तुला सांगून, तुझ्या संमतीनंच करायची असते. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, त्यानं बाळ कमी वजनाचं होतं, पोटात दगावूही शकतं, म्हणून तपासणीला जाशील तेव्हा डॉक्टरांना आपणहून सांग, लपवू नकोस. सोडायला मदत पाहिजे तर 1800-11-2356 या नंबरवर फोन कर, पैसे लागत नाहीत. आणि बिड्या वळून झाल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नकोस.