फिरवण्याआधी मोजा : स्कोपच्या क्लिकबद्दल वाचकांचे प्रश्न

रायफलच्या स्कोपची (नेम धरायच्या दुर्बिणीची) मापं आणि क्लिक (त्याचा नॉब फिरवताना पडणारा एकेक टप्पा) याबद्दल सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीची उत्तरं त्याच्यावर उभी आहेत.

प्रश्न : माझ्या पॉइंट टू टू रायफलच्या स्कोपवर पाव एमओएचा क्लिक आहे. चार क्लिक म्हणजे एक इंच, असं दुकानात सांगितलं होतं. 50 मीटरवर चार क्लिक फिरवले तर गोळी जेमतेम अर्धा इंच सरकली. स्कोप बदलून घेऊ का? (बार्शी)

बदलू नका, स्कोप चांगला आहे. दुकानात सांगितलेल्या वाक्यातून ‘शंभर यार्डांवर’ हे शब्द गळले, एवढंच. क्लिक लांबी मोजत नाही, कोन मोजतो. आपल्या सात रस्ता चौकात उभे राहा आणि शेजारचे दोन रस्ते बघा. चौकात दोन्हींच्या मधे चार पावलं असतात. पुढं चालत गेलात की त्याच दोन रस्त्यांच्या मधे घरं, दुकानं, बोळ सगळं मावतं. कोन काही वाढलेला नसतो, वाढलेलं असतं ते अंतर.

एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. 100 मीटरवर तो 29 मिलिमीटर भरतो, 50 वर साडेचौदा, 300 वर 87. तुमचे चार क्लिक म्हणजे एक एमओए, म्हणजे साडेचौदा मिलिमीटर. अर्ध्या इंचाच्या किंचित वर. तुम्ही पाहिलं ते बरोबरच होतं.

मला खटकला तो ‘जेमतेम’ हा शब्द. पट्टी लावली होती का? आणि किती गोळ्यांवरून ठरवलं? एका गोळीवरून क्लिक फिरवणं ही नवशिक्यांची सर्वांत महागडी सवय आहे. त्या एका गोळीत तुमचा श्वास असतो, ट्रिगरचा झटका असतो. पाच गोळ्यांचा ग्रुप मारा, त्याचा मध्य काढा आणि मध्यापासून लक्ष्यबिंदूपर्यंत पट्टीनं मोजा. समजा 50 मीटरवर ग्रुप 22 मिलिमीटर डावीकडे आहे. 22 भागिले साडेचौदा, म्हणजे दीड एमओए. सहा क्लिक उजवीकडे. मग पुन्हा पाच गोळ्या. अधेमधे हात लावायचा नाही.

प्रश्न : एमओए घ्यावा की मिल? (सोलापूर, होटगी रस्ता)

ज्यात तुमचं डोकं चालतं तो. आपल्याकडे मागाच्या घरातली माणसं कापडाची मापं, पन्ना, रीड, पिक, सगळं इंचात बोलतात, त्यांना एमओए जवळचा वाटतो. शाळेपासून मीटर-सेंटीमीटर वापरलेल्यांना मी मिलच सुचवतो. अंतराचा हजारावा भाग म्हणजे एक मिल : 100 मीटरवर 10 सेंटीमीटर. क्लिक बहुधा 0.1 मिलचा, म्हणजे तिथे एक सेंटीमीटर. साध्या वेगाची पॉइंट टू टू गोळी 50 मीटरवर झिरो केली असेल, म्हणजे त्या अंतरावर नेम धरू तिथेच लागेल अशी बसवली असेल, तर 100 मीटरवर ती साधारण 18 सेंटीमीटर खाली लागते. उत्तर समोरच आहे : 18 क्लिक वर. नेमका आकडा मात्र तुमच्याच गोळीवर तपासा.

एक मिल म्हणजे 3.44 एमओए. पण हे रूपांतर करायची वेळ येऊ देऊ नका. आतल्या जाळीवर (नेमाच्या रेघांवर) मिलच्या खुणा आणि बाहेर नॉब एमओएचा, असा स्कोप घेऊ नका. दोन्हींचं माप एकच असलं की चूक थेट जाळीवर वाचता येते : गोळी 0.7 मिल खाली लागली, सात क्लिक वर. अंतर किती, याचीही गरज उरत नाही. जाळी दुसऱ्या फोकल प्लेनची असेल, म्हणजे मॅग्निफिकेशन बदललं तरी ती तेवढीच दिसत असेल, तर तिच्या खुणा ठरावीक मॅग्निफिकेशनलाच खऱ्या असतात, ते पुस्तिकेत पाहून घ्या.

प्रश्न : मुलगी 50 मीटर थ्री पोझिशनचा सराव करते. तिला भारी स्कोप घेऊन द्यावा का? (पंढरपूर)

नको. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या त्या प्रकारात रायफलवर दुर्बीण चालतच नाही, बारीक भोकातून पाहायची पीप साइटच लागते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 451.4 गुणांवर कांस्यपदक मिळवलं, ते याच प्रकारात. 50 मीटरवरचं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, म्हणजे एक एमओएसुद्धा नाही. पैसे खर्चायचेच असतील तर लक्ष्यावरची छिद्रं पाहायच्या स्पॉटिंग स्कोपवर आणि भरपूर गोळ्यांवर खर्चा.

प्रश्न : स्कोपचे क्लिक खरे आहेत हे कसं तपासायचं? (माढा)

गवंड्याचा ओळंबा घ्या. 100 मीटरवर उंच कागद लावा, ओळंब्यानं त्यावर उभी रेघ मारा आणि तळाशी लक्ष्यबिंदू काढा. एक ग्रुप मारा. 10 मिल वर फिरवा आणि त्याच बिंदूवर नेम धरून पुन्हा मारा. दोन ग्रुपांमधलं अंतर 100 सेंटीमीटर भरलं पाहिजे. माझ्या एका स्कोपचं 96 भरलं होतं. त्याआधी दोन महिने मी गोळ्यांना दोष देत होतो.

दुसरा ग्रुप रेघेवरून बाजूला गेला तर बहुतेक वेळा स्कोप कलता बसलेला असतो. पाच अंशांचा कल डोळ्याला लक्षात येत नाही, पण 10 मिलवर तो जवळपास नऊ सेंटीमीटर बाजूला नेतो. त्याआधी माउंटचे (स्कोप रायफलला धरणाऱ्या पकडीचे) स्क्रू घट्ट आहेत ना, ते बघा.

प्रश्न : नान्नजच्या बाजूला मोकळं माळरान आहे. तिथे झिरो केलं तर? (उत्तर सोलापूर)

अजिबात नाही. ते माळढोकाचं अभयारण्य आहे. आणि कुठलंही माळरान रिकामं नसतं, तिथे मेंढपाळ असतात. पॉइंट टू टूची गोळी दीड किलोमीटरपर्यंत सहज जाऊ शकते. परवाना हातात असला म्हणून माळाची रेंज होत नाही. मागे मातीचा भक्कम बांध असलेल्या अधिकृत रेंजवरच जा.

प्रश्न : उन्हाळ्यात दुपारी लक्ष्य थरथरतं आणि गोळ्या वर लागतात. सकाळचा झिरो चुकला का? (सोलापूर, अक्कलकोट रस्ता)

झिरो ठीक आहे. ते मृगजळ आहे, मे महिन्यात आपल्या डांबरी रस्त्यांवर दिसतं तेच. तापलेल्या जमिनीवरची हवा प्रकाश वाकवते. वारा नसेल तर ती उकळल्यासारखी सरळ वर जाते, लक्ष्य आहे त्याहून वर दिसतं आणि नेमही वर जातो. त्यात उन्हात ठेवलेल्या गोळ्यांचा वेग थोडा वाढतो, विरळ हवेचा अडथळाही कमी होतो. गोळ्यांचा डबा सावलीत ठेवा.

याच मृगजळाचा उपयोगही होतो. स्पॉटिंग स्कोप लक्ष्याच्या थोडा अलीकडे फोकस करा, मग लहरी ज्या बाजूला वाहताना दिसतात तिकडे वारा चालला आहे. लहरी आडव्या झाल्या की वारा वाढला.

दुपारी क्लिक फिरवलेच तर किती आणि कुठल्या बाजूला, ते वेळ आणि तापमानासह वहीत लिहा आणि उठण्याआधी तेवढेच परत घ्या. एप्रिल-मेमध्ये मी स्वतः झिरोचं काम सकाळी आठच्या आत उरकतो.