बिअरला लोण्याचा वास अन् आंबिलीला तार: वाचकांचे प्रश्न

यावेळी आंबवण्याबद्दलची बरीच पत्रं एकदम आलीत. वाळूजला बिअरच्या कारखान्यात लॅबमध्ये काम केल्यामुळं हा विषय माझ्या जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

प्रश्न: नमस्कार ताई, मी मूळचा परभणीचा, सध्या इंग्लंडात लीड्सला नोकरीला आहे. इथं घरी बिअर करता येते म्हणून किट आणून केली. एअरलॉकचे (डब्याच्या झाकणावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीचे) बुडबुडे सातव्या दिवशी बंद झाले, मग बाटल्या भरून टाकल्या. आता उघडली तर पॉपकॉर्नवरच्या बटरसारखा वास यायलाय. खोली रात्री १४-१५ अंशांवर जाते. सगळं फेकून देऊ का?

उत्तर: फेकू नका दादा, पण आधी त्या बाटल्या जाड खोक्यात ठेवून वरून झाकण टाका, का ते पुढं सांगते. हा वास डायअसिटिलचा. यीस्ट वाढताना एक पदार्थ बाहेर सोडतं, त्याचं हळूहळू डायअसिटिल होतं, आणि मग तेच यीस्ट ते परत आत घेऊन त्याचा वास मोडून टाकतं. म्हणजे घाण करणारं अन् साफ करणारं एकच, फक्त साफसफाई शेवटी होते आणि तिला ऊब लागते. तुमच्या किटमधलं यीस्ट एल जातीचं (उबेत काम करणारं) असणार, त्याला १८ ते २२ अंश पाहिजेत, १४ ला ते झोपी गेलं आणि तुम्ही त्याला काम अर्धं टाकून बाटलीत भरलं.

बुडबुडे बंद झाले म्हणजे फर्मेंटेशन, म्हणजे आंबणं, संपलं असं नाही हो! झाकण थोडं सैल असलं तरी बुडबुडे दिसत नाहीत, आणि नुसता गारठा वाढला तरी थांबतात. पुढच्या वेळी हायड्रोमीटर घ्या, महाग नसतो; तो बिअरची घनता दाखवतो, साखर संपत जाईल तसा आकडा उतरतो. समजा सुरुवातीला १.०५० होतं आणि आता १.०१२ च्या आसपास येऊन दोन-तीन दिवस तिथंच थांबलंय तर काम झालं म्हणायचं, १.०२० ला अडकलंय तर डबा उबेत आणा, हलकेच हलवून तळाचं यीस्ट वर येऊ द्या आणि वाट बघा.

भरायच्या आधी एक टेस्ट करा, आम्ही लॅबमध्ये हीच करायचो. बिअरचे दोन छोटे नमुने घ्या, दोन्हींवर झाकण. एक तसाच ठेवा, दुसरा ६० अंशाच्या गरम पाण्यात अर्धा तास. मग दोन्ही सारखेच गार करून एकामागून एक हुंगा. गरम केलेल्यात बटर आलं आणि दुसऱ्यात नाही, तर बिअर वरून चांगली वाटली तरी तो वास आत दडून बसलाय, बाटलीत गेल्यावर बाहेर पडणार. दोन्ही स्वच्छ निघाले की भरा. प्रॉडक्शनवाल्यांना टाकी थंड करायची कितीही घाई असली तरी या टेस्टवर मी कधीच तडजोड करू दिली नसती, चवीचा सगळा खेळ त्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत असतो.

आता भरलेल्या बाटल्यांचं. त्या २० अंशाच्या खोलीत आठ-पंधरा दिवस ठेवा, आत थोडं यीस्ट आहेच, ते वास काढू शकतं. पण साखर शिल्लक राहिली असेल तर गॅस वाढत जाऊन बाटली फुटू शकते, काचा अंगावर येतात, ही गंमत नाही. म्हणून खोकं आणि झाकण. मधूनमधून एक बाटली फ्रिजमध्ये गार करून उघडून बघा, फेस कारंज्यासारखा आला तर सगळ्या गार करून गॅस सोडा. पुढच्या वेळी भरताना साखर लिटरला ५-६ ग्रॅमच्या वर नको. आणि वासाबरोबर आंबटपणाही चढत गेला तर तो जंतूंचा संसर्ग, ती बॅच मात्र मोरीत.

प्रश्न: ताई, देगलूरचा आहे, सध्या ब्रिस्बेनला. माझ्या बिअरला दवाखान्यातल्या पट्टीसारखा, डेटॉलसारखा वास. भांडी तर ब्लीचनं धुतली होती.

उत्तर: ब्लीचनंच घात केला. क्लोरीन आणि माल्टमधले (मोड आणून वाळवलेल्या धान्यातले) फिनॉल नावाचे पदार्थ एकत्र आले की क्लोरोफिनॉल तयार होतं, त्याचा वास इतका तीव्र की चिमूटभरही नको. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननंही हेच होतं, आणि क्लोरामाइन (क्लोरीनचाच जास्त टिकणारा प्रकार) असेल तर ते नुसतं उकळून सहजासहजी जात नाही. पाण्यातलं हे क्लोरीन घालवायला कॅम्पडेन गोळी मिळते, एक गोळी साधारण ७५ लिटरला पुरते, तुम्हाला पाव भागही बास. ही बॅच सुधरत नाही, ओतून द्या.

प्रश्न: मॅडम, लातूरला घरी बिअर करायची आहे, कोणतं यीस्ट घेऊ?

उत्तर: घेऊच नका. इंग्लंडात १९६३ पासून घरच्यापुरत्या बिअरला लायसन्स लागत नाही, अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं मोकळीक दिली, आपल्याकडं मात्र महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ आहे आणि विनापरवाना दारू गाळणं काय किंवा आंबवणं काय, गुन्हाच. घरात गुपचूप केलं म्हणून कायदा बदलत नाही. आंबवायची हौस असेल तर खालचं पत्र वाचा.

प्रश्न: ताई, अंबाजोगाईहून लिहितेय. उन्हाळ्यात ज्वारीची आंबील सकाळपर्यंत जास्तच आंबते, कधी तार सुटते. आणि ज्वारीला मोड आणून पीठ केलं तर चव छान येते म्हणतात, करू का?

उत्तर: तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. आंबील हीसुद्धा आंबवणूकच, फक्त इथं काम ताकातल्या जंतूंचं आणि त्यांना ऊन मानवतं, म्हणून मे महिन्यात रात्रभर ठेवलं की ते ओव्हरटाइम करतात. पीठ रात्री नका भिजवू, पहाटे भिजवा, चार-पाच तासांत होतं. नाहीतर गंजाभोवती ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याला ठेवा, आपल्याकडची कोरडी हवा याला फार चांगली. ताक ताजं घ्या, कालच्या आंबिलीचं विरजण लावू नका, तार तिथूनच येते. पितळेच्या भांड्याची कल्हई गेलेली असेल तर त्यात अजिबात नको, कळकतं. स्टील किंवा चिनी मातीची बरणी बरी. तार सुटली, गुलाबी-काळा डाग दिसला किंवा बुरशी आली तर वरवरचं काढून खाऊ नका, सगळंच टाका.

मोडाचं मात्र नीट ऐका. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे तुमच्या शिवारात सगळ्यांना माहीत आहे. ते विष सायनाइडचं, आणि कोरड्या दाण्यात ते जवळपास नसतं पण मोड आला की कोंबात अन् मुळ्यांत भरपूर तयार होतं. म्हणून मटकीसारखी मोडाची ज्वारी कच्ची कधीच खायची नाही, लेकरांना तर नाहीच. पीठ करायचंच असेल तर मोड आलेली ज्वारी कडक उन्हात खडखडीत वाळवा, दोन हातांत चोळून कोंब-मुळ्या पूर्ण झाडून पाखडा, सुपात एकही धागा राहायला नको, मग भाजून दळा आणि आंबील झाकण न ठेवता चांगली उकळा. आफ्रिकेत ज्वारीच्या माल्टची बिअर करतात, तिथंही मोड वाळवून घेतातच. एवढी मेहनत नको वाटली तर नाचणीला मोड आणा, तिला हा त्रास नाही.