जर्मनीतील पांढरपेशा कर्मचाऱ्यांची ‘डीएजी’ ही संघटना मुख्य कामगार महासंघापासून वेगळी का राहिली?

याचे मूळ कारण संघटना कशाच्या आधारे बांधावी, या वादात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘एक कारखाना, एक संघटना’ हे तत्त्व पुढे आले. त्यानुसार पोलाद कारखान्यातील हिशेबनीस आणि भट्टीवरचा कामगार एकाच संघटनेत येणार होते. हॅम्बुर्गमध्ये मुख्यालय असलेल्या डीएजीला मात्र सर्व उद्योगांतील पगारदार कर्मचारी एकत्र हवे होते, आणि म्हणून 1949 मध्ये डीजीबी हा महासंघ स्थापन झाला तेव्हा ती त्याच्या बाहेरच राहिली.

या वेगळेपणाला कायद्याचाही आधार होता, कारण 1911 च्या कायद्याने पगारदारांसाठी निवृत्तिवेतन विम्याची स्वतंत्र व्यवस्था केली होती. मात्र वेगळ्या संघटनांची परंपरा निष्कलंक नव्हती, हे सांगितलेच पाहिजे. 1893 मध्ये हॅम्बुर्गमध्येच स्थापन झालेली व्यापारी कारकुनांची ‘डीएचव्ही’ ही संघटना उघडपणे ज्यूविरोधी होती आणि स्त्रियांनाही सभासदत्व नाकारत होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात झीगफ्रीड आउफहॉयझर यांच्या नेतृत्वाखालील ‘आफा-बुंड’ हा पगारदारांचा महासंघ मात्र समाजवादी चळवळीशी जोडलेला होता. नाझी राजवटीत, 1933 मध्ये, दोन्ही प्रवाहांचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

युद्धोत्तर डीएजी पक्षनिरपेक्ष होती. पुढे सेवाक्षेत्र वाढले, बँका आणि दुकानांतील त्याच कर्मचाऱ्यांसाठी डीजीबीच्या संघटनांशी स्पर्धा करणे दोघांनाही परवडेना, आणि 2001 मध्ये डीएजी इतर चार संघटनांसह ‘वेर्डी’ या सेवाक्षेत्रातील नव्या संघटनेत विलीन झाली.