गाठ छोटी असली तरी बायको एवढी थकते, मनाचं असेल का?

तुम्ही विचारलंय की बायकोच्या गर्भपिशवीला 3 सेंमीची फायब्रॉइडची (स्नायूंची, साधी) गाठ आहे, डॉक्टर म्हणाले कॅन्सरची नाही, मग ती सारखी गळून गेलेली का असते, मनाचं तर नाही ना. ते "मनाचं" वाचलं आणि राहवलं नाही.

माझी पण 3च सेंमीची होती. मी झेडपीच्या शाळेत शिकवते, पाळीच्या दिवसांत दोन-दोन पॅड लावून, गडद साडी नेसून जायचे आणि तास संपला की आधी खुर्ची बघायचे. रात्री दर दोन तासांनी अलार्म. रक्ताच्या मोठमोठ्या गुठळ्या पडायच्या, आठ-नऊ दिवस चालायचं. वर्षभरात असं झालं की एक जिना चढले की छाती धडधडायची. आणि तांदूळ! निवडायला घेतले की कच्चेच मूठमूठ खायचे, थांबताच यायचं नाही. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणायच्या, तांदूळ खाऊन खाऊन रक्ताचं पाणी केलंय हिने, आणि हे पण त्यांचीच री ओढायचे. शेवटी शाळेतच चक्कर येऊन पडले तेव्हा एचबी (हिमोग्लोबिन) 6.4 निघालं, दोन बाटल्या रक्त चढवलं. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं की उलटं आहे, अंगातलं लोह संपलं म्हणून तांदूळ खावेसे वाटतात. कुणाला बर्फ खावासा वाटतो, कुणाला माती. घरी येऊन सांगितलं तर कुणी मानलं नाही, आजही मानत नाहीत.

गाठ किती मोठी यापेक्षा कुठे आहे ते बघा. माझी पिशवीच्या आतल्या अस्तराकडे होती म्हणून एवढं जायचं. माझ्या जावेची 8 सेंमीची, पण बाहेरच्या बाजूला, तिला रक्तस्राव काहीच नाही, फक्त लघवीला सारखं उठावं लागतं आणि पोट जड.

पहिल्या डॉक्टरने मला 39व्या वर्षी सरळ पिशवी काढा सांगितलं होतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याचं 2019ला पेपरात आलेलं डोक्यात होतं म्हणून दुसरीकडे दाखवलं, तिथे दुर्बिणीने खालूनच गाठ काढली, पोटावर टाका नाही, पिशवी शाबूत. पुढच्या पाळीला पाच दिवसांत मोकळी झाले, त्या दिवशी रडले मी.

प्रत्येकीला असं जमतंच असं नाही हं, गाठ खोल असेल, खूप असतील तर पिशवी काढणंच बरं पडतं, काहींचं गोळ्यांवर भागतं, आणि त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात, पाळी गेल्यावर बहुतेक गाठी आक्रसतात. मी डॉक्टर नाही. पण चाळिशी उलटून पाळी बिघडली असेल तर पिशवीच्या अस्तराची तपासणी टाळू नका.

तुम्ही उद्याच तिची रक्ताची सीबीसी (यात एचबी कळतं) आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासणी करून घ्या. एचबी 12च्या खाली आलं तर लोहाच्या गोळ्या सुरू होतील, त्या चहासोबत देऊ नका. आणि आज रात्री तिला विचारा, तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटतो का. हो म्हणाली तर रागावू नका तिला.